चार बोटं लांब

सासूबाई नव्या स्टुलावर बसून वाटाणे सोलत होत्या आणि घरातली सगळी माणसं स्टुलाकडे बघत होती. धाकट्या जावयाने आणलेलं स्टूल. पाय खाली जाताना किंचित बाहेर वळलेले, कडा अशा गुळगुळीत की एकदा हात फिरवला तर परत फिरवावासा वाटावा. सासूबाईंनी मुद्दाम डावीकडे झुकून दाखवलं, उजवीकडे झुकून दाखवलं. स्टूल हूं की चूं करीना.

मग सासरे आले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, बायकोसुद्धा; फक्त मुली आणि जावई 'बाबा' म्हणत. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात काढलेला माणूस. सासूबाई वर बसलेल्या असतानाच त्यांनी स्टुलाभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं, एका कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चालेल."

थोरल्या जावयाच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला.

मिस्त्रींचं 'चालेल' म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ते ज्यांना मिळालं अशा वस्तू कारखान्यातली माणसं निवृत्त झाल्यावरही बोटांवर मोजून दाखवत. थोरले जावई वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्के मारायचे, म्हणून त्यांना मापसाहेब म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत त्यांनी सासऱ्यांसाठी आपल्या हाताने किल्ल्या अडकवायची पट्टी केली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हं." भिंतीवरची मांडणी केली, तेव्हा म्हणाले, "ठेवा तिकडे." गेल्या वर्षी चार महिने खपून पेपर ठेवायचा रॅक केला. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मापसाहेबांनी श्वास रोखून धरला. मिस्त्री म्हणाले, "चहा झाला का?"

आणि हा पाववाला साडू पहिलंच स्टूल करतो आणि 'चालेल' घेऊन जातो.

"असंच अजून एक हवं," सासूबाई म्हणाल्या. "मिस्त्रींना. म्हणजे संध्याकाळी दोघं दारात बसू. धाकट्यांनी एक केलं, आता थोरल्यांनी एक करावं. दोन आठवड्यांनी रविवारी सगळे येणारच आहात. जोडीला जोड दिसेल असं करा हं, जावईबापू."

त्यांनी हे प्रेमाने सांगितलं होतं. मापसाहेबांना मात्र ते कुस्तीचं आमंत्रण वाटलं.

"पातं," घरी परतताना स्कूटरवर ते म्हणाले.

"काय?" मागून बायको म्हणाली.

"सगळी करामत पात्याची आहे. त्याच्या हातात काय आहे? हात पिठाचे."

मापसाहेबांकडे बँडसॉ होता. म्हणजे वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गरगर फिरणारं दातेरी पोलादी पातं. मधल्या टेबलावर लाकूड ठेवून पुढे सरकवायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो घेतला आणि आठच दिवसांत साडूने तसाच, त्याच हिरव्या रंगाचा घेतला. ते अजून त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. मशीनशेजारच्या भिंतीवर पाच खिळ्यांना पाच पाती लटकत. जाड फळ्यांचं रुंद पातं, नक्षीचं अरुंद, पातळ प्लायवुडसाठी बारीक दात्यांचं, आणि अशीच आणखी दोन. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती. पाचव्याचा उपयोग काय हे त्यांना आता आठवत नव्हतं, पण चिठ्ठी त्यालाही होती. एवढी फौज असून त्यांच्या लाकडाची कड कधी अशी आली नव्हती.

"मग विचारा ना त्यांना, कुठलं पातं लावता म्हणून," बायको म्हणाली.

"मी? त्याला?"

"फोनवर विचारा. तोंड दिसणार नाही."

मापसाहेबांनी उत्तरादाखल स्कूटर खड्ड्यातून नेली.

दुसऱ्या दिवशी ते साडूच्या बेकरीत हजर झाले. बेकरी पुढे, घर मागे, घराच्या मागे शेड आणि शेडला लागून संडास, हा नकाशा त्यांनी रात्रीच मनात काढून ठेवला होता.

"या या, साडूभाऊ," धाकटे जावई भट्टीपासून उठत म्हणाले. "आज इकडे कुठे?"

"पाव घ्यायला आलो."

"तुमच्या कोपऱ्यावर मिळतात की."

"त्यांना तुमची चव नाही," मापसाहेब म्हणाले आणि त्या वाक्याने त्यांचंच तोंड कडू झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "जरा पोटात बरं नाहीये. मागे जाऊन येऊ का?"

हे अगदीच खोटं होतं असं म्हणता येणार नाही. स्टूल बघितल्यापासून त्यांच्या पोटात दुखतच होतं. जाता जाता त्यांनी काउंटरवरच्या रिळातून केकचे खोके बांधायचा गुलाबी दोरा भरपूर ओढून खिशात कोंबला आणि ते शेडमध्ये शिरले.

मशीन स्वच्छ होतं. टेबलावर भुशाचा कण नव्हता. याच्या पात्याला भुसासुद्धा पडत नाही, मापसाहेबांच्या मनात आलं आणि त्यांचा जीव आणखी जळला. तेवढ्यात त्यांना भिंतीवर एक हातकरवत दिसली. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, जुनी, मिस्त्रींची. अकरा वर्षांत मिस्त्रींनी आपल्याला एक खिळा दिला नाही आणि याला करवत देऊन टाकली. मापसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. ते क्षणभर त्या मुठीकडे बघत उभे राहिले, मग कामाला लागले.

खिशातली पोलादी पट्टी काढली. पात्याची रुंदी अर्धा इंच. एका इंचात दाते किती? एक, दोन, तीन, चार. निरीक्षक माणूस, एकदा मोजून थांबणार नाही. परत मोजले, चार. तिसऱ्यांदा बोट टेकवून मोजले, तेव्हा चौथ्या दात्याने बोट कापलं. तशा रक्ताळल्या बोटाने त्यांनी मशीनची दारं उघडली, पातं जसं फिरतं तसा दोरा दोन्ही चाकांवरून घेतला आणि दोन टोकं जिथे भेटली तिथे गाठ मारली.

"भाऊजी," बाहेरून मेव्हणीचा आवाज आला. "बरं आहे ना? वीस मिनिटं झाली."

मापसाहेब संडासाच्या बाजूने बाहेर आले. बोट रुमालात होतं.

"बोटाला काय झालं?"

"कडी लागली."

"संडासाची?"

"हो."

"रक्त येईपर्यंत?"

मेव्हणीने बोटाला पट्टी बांधली आणि ताईला फोन केला. ताईने आईला केला. तिन्ही घरांत एकमत होऊन मापसाहेबांना चार दिवस नुसत्या मऊ भातावर ठेवायचं ठरलं. ऑफिसात शिपाईसुद्धा हळूच जवळ येऊन विचारून गेला, "साहेब, आता कसं आहे?"

अशा भुकेल्या पोटी ते पातेवाल्या काकूंच्या दुकानात गेले. काकूंच्या दुकानात दातेरी पट्टीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असत. गिऱ्हाईक सांगेल तेवढी पट्टी त्या तोडत आणि दोन टोकं वितळवून जोडून देत.

"अर्धा इंच रुंद, इंचाला चार दाते," मापसाहेब म्हणाले.

"कापायचं काय?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे?"

"आत्ता स्टुलाचे पाय. थोडे वळणाचे."

"मग बरोबर मागताय," काकू म्हणाल्या. "नाही तर लोक येतात आणि घरातल्या प्रत्येक फळीला वेगळं पातं मागतात. बारीक दात्यांचं नेतात, ते जाड लाकडात भुसा अडकून तापतं आणि लाकूड काळं करतं. रुंद नेतात, ते वळत नाही. मग भिंतीला लटकवून ठेवतात. हे मधलं आहे. कशात पहिलं येणार नाही, कशात नापासही होणार नाही. रोजच्या कामाला हेच लावावं."

मापसाहेबांना आपल्या भिंतीवरचे पाच खिळे आठवले.

"लांबी?"

त्यांनी दोरा काढून ठेवला.

"हे काय?"

"माप."

"मशीनच्या दारावर पाटी असते. तिच्यावर आकडा असतो."

"बाई, मी वजनमापे खात्यात आहे."

"म्हणूनच विचारलं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोरा टेपला लावला. "या महिन्यात दोऱ्याने माप आणणारे तुम्ही दुसरे. पहिल्याचा दोराही असाच गुलाबी होता."

आता इथे कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. पण मापसाहेबांचं सगळं लक्ष काकू दोरा ताणून तर मोजत नाहीत ना, याकडे होतं.

पातं तीन वेढ्यांत गुंडाळून मिळालं. घरी त्यांनी बांधलेली तार सोडली, तशी त्या पात्याने एकदम अंग ताठ करून शेजारची बादली आडवी केली. वरच्या चाकावर ते बसलं. खालच्या चाकावर बसलं. आणि मध्ये सैल बांगडीसारखं लोंबत राहिलं. मापसाहेबांनी बोटं घालून बघितली. चांगली चार बोटं पातं जास्त होतं.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या मशीनच्या दारावरची पाटी वाचली. मग दोरा मोजला. मग परत पाटी वाचली. मग ते खाली बसले.

"काय झालं?" बायको दारात आली.

"त्याचं मशीन माझ्यापेक्षा मोठं आहे."

"हा दोरा कुणाच्या मशीनचा?"

"त्याच्या."

"आणि पातं बसवायचं कुणाच्या मशीनवर?"

मापसाहेबांनी दोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"तुमच्या खात्यात असलं माप चालतं?" ती म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं लपवलं की हे असं होतं. एका फोनचं काम होतं."

पण मापसाहेबांना पातं लांब निघाल्याचं दुःख नव्हतंच. तीन वर्षं तो माणूस आपल्याहून मोठं मशीन घरात ठेवून आपल्याशी गोड बोलत होता, याचं होतं. काकूंकडे जाऊन पातं आखूड करून आणणं सोपं होतं, पण मग त्या बाईंना कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी वरचं चाक पिळून पिळून शेवटपर्यंत वर नेलं, मनाशी 'बसेल' म्हटलं आणि बटण दाबलं. पातं दोन फेरे नीट फिरलं. तिसऱ्या फेऱ्याला चाकावरून सुटून धाडकन दारावर आपटलं आणि मशीनच्या पोटात अडकून बसलं. शेजारचे गृहस्थ धावत आले.

"काय हो, परत पोट?" त्यांनी काळजीने विचारलं.

गुरुवार उजाडला. रविवार तीन दिवसांवर आला होता आणि पायांची लाकडं जशी आणली तशीच उभी होती. गुरुवारी बेकरी बंद असते. धाकटे जावई टोस्टचा पुडा घेऊन तब्येतीची चौकशी करायला आले आणि बायकोने त्यांना थेट मशीनच्या खोलीत पाठवलं. यात तिचा काही हेतू नव्हता असं ती अजून सांगते.

मापसाहेबांनी पातं पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. पण बारा फूट पोलाद पाठीमागे लपत नाही, ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतं.

धाकट्यांनी पात्याकडे बघितलं. मशीनकडे बघितलं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला गुलाबी दोरा बघितला आणि ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "हे माझ्या मशीनचं पातं आहे."

"कशावरून?"

"तुमच्या मशीनचं माझ्याकडे आहे म्हणून."

मापसाहेबांना काही कळेना.

"मागे तुमच्या मुलीचा वाढदिवस झाला," धाकटे जमिनीकडे बघत म्हणाले. "मी चप्पल शोधतो म्हणून उठलो होतो ना? तेव्हा इथे आलो होतो. तुमची भिंतीवरची पाच पाती बघितली आणि मला झोप येईना. म्हटलं, हा माणूस एवढ्या पात्यांतून जे मशीनवर लावतो, त्यात काहीतरी असणार. केकच्या खोक्याचा दोरा होता, त्याने माप घेतलं. रुंदी, दाते काकूंनीच सुचवले. घरी जाऊन लावतो तर चार बोटं कमी."

"म्हणजे तुमच्या मशीनवर आहे ते?"

"मशीनसोबत आलेलं. लोणी कापत नाही आता ते."

"माझं बोट कापलं त्याने."

"अच्छा, ती कडी," धाकटे म्हणाले.

मापसाहेब लाल झाले. पण मनात एक प्रश्न वर आला होता आणि तो लाजेपेक्षा मोठा होता. "मग स्टूल कशावर कापलं?"

धाकट्यांनी बराच वेळ टोस्टच्या पुड्याची कड दुमडली.

"बाबांनी कापलं," ते म्हणाले. "हातकरवतीने. मी फोन केला होता की बाबा, पातं बसत नाही, काय करू. ते करवत घेऊन आले, तीन दिवस राहिले. मी फक्त लाकूड धरलं आणि शेवटी पॉलिशपेपर मारला. स्टूल आणलं तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते. मग मी नाही म्हटलं नाही."

"म्हणजे ते 'चालेल' बाबा स्वतःलाच म्हणाले?"

"तेही परत खालून बघून."

अकरा वर्षांचं ओझं उतरावं तसं मापसाहेबांना हलकं वाटलं. हे हलकेपण अर्धा मिनिट टिकलं.

"बाबा तीन दिवस तुमच्याकडे राहिले?"

"हो."

"माझ्याकडे ते कधी जेवायलासुद्धा थांबले नाहीत."

"तुम्ही कधी बोलावलंत?" धाकट्यांनी साधेपणाने विचारलं. "बाबा म्हणतात, थोरल्या जावईबापूंना सगळं येतं, त्यांच्यात आपण काय लुडबुड करायची."

मापसाहेब उठून खिडकीशी गेले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन उचलला.

"बाबा," ते म्हणाले, "मला पातं बसवता येत नाहीये."

पलीकडून मिस्त्री म्हणाले, "येतो."

त्याच संध्याकाळी दोन्ही साडूंनी पाती बदलली. लांब पातं मोठ्या मशीनकडे गेलं, आखूड लहान मशीनकडे आलं. शुक्रवारी सकाळी मिस्त्री एक पिशवी घेऊन आले. भिंतीवरच्या पाच पात्यांकडे बघून म्हणाले, "एवढी कशाला?" आणि ओंडक्यावर बसले. मापसाहेबांनी रजा टाकली होती. त्यांनी नवं पातं चढवलं, मशीन सुरू केलं, लाकूड पुढे केलं, तर लाकूड कापलं जायच्या ऐवजी उडी मारायला लागलं.

"दाते वर आहेत," मिस्त्री म्हणाले. "खाली हवेत."

मापसाहेबांनी पातं काढलं, फिरवलं, लावलं. आता दाते मागच्या बाजूला गेले. पुन्हा काढलं, खालचं वर केलं, लावलं. दाते परत पुढे आले आणि परत वरच बघायला लागले. मिस्त्री उठले. त्यांनी पातं हातात घेतलं आणि सदरा उलटा करावा तसं आतली बाजू बाहेर काढून परत दिलं. दाते खाली झाले. एरवी मापसाहेबांनी हे आपल्याला माहीत होतं असं सांगितलं असतं. आज ते म्हणाले, "परत एकदा दाखवा."

मिस्त्रींनी दाखवलं. मग लाकूड किती जोराने रेटायचं ते दाखवलं, म्हणजे रेटायचंच नाही ते दाखवलं. दोन दिवस ते तिथेच होते. दुपारी जेवले, रात्री राहिले, बोलले मोजून वीसेक वाक्यं. कापलं सगळं मापसाहेबांनी. शनिवारी संध्याकाळी स्टूल उभं राहिलं, तेव्हा मिस्त्री त्याच्याकडे न बघताच पिशवी भरून घरी गेले.

रविवारी दारात दोन स्टुलं शेजारी शेजारी ठेवली होती. सगळे जमले. मिस्त्रींनी दोन्हींभोवती फेरी मारली, दोन्ही उलटी करून बघितली. पहिल्यावर बसले, उठले. दुसऱ्यावर बसले आणि बसूनच राहिले.

"चालेल," ते म्हणाले.

मापसाहेबांनी घाईने बशीतला टोस्ट उचलला.

मिस्त्रींचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्यांनी पहिल्या स्टुलाकडे बोट केलं. "त्याचा मागचा पाय केसभर तिरका कापलाय."

सगळ्या माना धाकट्या जावयाकडे वळल्या. धाकट्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, तर ते शांतपणे चहाची वाट बघत होते. मग त्यांनी मापसाहेबांकडे बघितलं. मापसाहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि त्यात टोस्ट घातला.

"होतं असं," सासूबाई धाकट्यांना म्हणाल्या. "थोरल्या जावईबापूंना विचारत जा जरा."

पुढच्या गुरुवारी धाकटे जावई पुन्हा आले. पुडा वगैरे काही नव्हता. चेहरा ओढलेला होता. दोन मिनिटं बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "जरा पोट बरोबर नाहीये. आत जाऊन येतो."

ते गेले. थोड्या वेळाने मशीनच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. बायकोने कान टवकारले.

"अहो, ते तुमच्या मशीनपाशी गेलेत."

"जाऊ दे."

"पण त्यावर आहे ते पातं त्यांनीच दिलेलं आहे ना? दाते कसले मोजतायत?"

"हळू बोल," मापसाहेब म्हणाले. "मोजू दे त्यांना."

इतकं बरं त्यांना 'चालेल' ऐकूनही वाटलं नव्हतं. ते खुर्चीत मागे रेलले, एक, दोन, तीन असं मनातल्या मनात मोजलं, मग उठून कपाटातली औषधाची डबी काढली आणि बोटाला बांधायची पट्टी टेबलावर तयार ठेवली.